पन्नास सिगारची लाकडी पेटी तयार करणं: प्रकल्प नोंदी

काम असं: एक नवी लाकडी पेटी (ह्युमिडर) वापरायोग्य करायची, कोरडे पडलेले ३६ सिगार हळूहळू ओलाव्यावर आणून त्यात ठेवायचे, आणि शेवटी त्यांतले काही कापून, पेटवून साठवण जमली का ते पाहायचं. सिगार एका बाजूने जळतो, विझतो, कडू लागतो, त्याचं खापर बहुतेक वेळा लायटरवर फुटतं. खरं कारण कित्येक आठवडे आधी पेटीत घडलेलं असतं. म्हणून या नोंदींत पेटवण्यापेक्षा पेटीचं काम जास्त आहे.

साहित्य: पेटी, तीन हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं), एक ग्रॅमच्या अचूकतेने मोजणारा वजनकाटा, सुट्या सिगारसाठी ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, डिस्टिल्ड पाणी, मीठ, हवाबंद प्लास्टिकचे दोन डबे, ६२ आणि ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पाकिटं.

६ जानेवारी: पेटीची तपासणी

आतलं माप २६ × २२ × १४ सेंटिमीटर, म्हणजे ८ लिटर. आतून ६ मिलिमीटर जाडीचं स्पॅनिश सीडरचं अस्तर, त्यावर पॉलिश किंवा व्हार्निश काही नाही. तसंच हवं, पॉलिश लावलं की लाकूड पाणी घेत नाही आणि अस्तर नुसतं शोभेचं उरतं. नावात सीडर असलं तरी हे झाड महोगनीच्या कुळातलं. ओलावा पिऊनही फारसं वाकत नाही आणि त्याचा वास तंबाखूला मानवतो, म्हणून ते वापरतात. त्याची एक खोड आहे: नीट न वाळवलेल्या फळीतून चिकट राळ पाझरते. सगळ्या फळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं, कुठे चिकटपणा नाही.

झाकणाची चाचणी: कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. बारा ठिकाणी पाहिलं. अकरा ठिकाणी अडकली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात सहज सुटली. नंतर आत टॉर्च लावून ठेवली आणि खोलीत अंधार केला, तर त्याच कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. आत्ता काही करायचं नाही. लाकूड पाणी प्यायलं की थोडं फुगतं आणि अशा फटी बऱ्याचदा आपोआप मिटतात. आधीच बिजागरी कसली तर नंतर झाकण बसत नाही.

७ जानेवारी: हायग्रोमीटर पडताळणी

बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. मीठ विरघळता कामा नये. वर पाणी तरंगलं तर चाचणी बिघडते. झाकण आणि तिन्ही हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवले. ओलं मीठ बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं आणि खोलीच्या तापमानात हा आकडा जवळपास हलत नाही.

८ जानेवारी

डिजिटल क्रमांक १ ने ७२ दाखवले, क्रमांक २ ने ७७. काट्याच्या तबकडीने ६६. मागच्या खाचेतला स्क्रू फिरवून तिला ७५ वर आणलं.

एका बिंदूवर जुळवलेलं यंत्र दुसऱ्या बिंदूवर खरं बोलेलच असं नाही. म्हणून तीच चाचणी मॅग्नेशियम क्लोराइडच्या ओल्या लगद्यावर पुन्हा लावली. तिथे ३३ टक्के यायला हवेत.

९ जानेवारी: पेटी मुरवायला सुरुवात

क्रमांक १ ने ३० दाखवले, क्रमांक २ ने ३५. दोघांची चूक दोन्ही टोकांना जवळपास तेवढीच, म्हणून १ ला ३ मिळवायचे आणि २ मधून २ वजा करायचे. तशा चिठ्ठ्या त्यांच्या पाठीवर चिकटवल्या. तबकडी ४६ वर अडकून राहिली. तिच्या आतली स्प्रिंग नीट हलत नाही. असल्या तबकड्या पेटीच्या पुढच्या बाजूला छान दिसतात, पण त्यांच्या भरवशावर सिगार ठेवू नयेत. बाद.

रिकाम्या पेटीचं वजन ३,४१२ ग्रॅम. पसरट वाटीत १५० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, वाटी पेटीच्या मधोमध, खाली प्लास्टिकचा तुकडा. ट्रे आणि आतल्या फळ्या पेटीतच ठेवल्या, कारण त्यांनाही पाणी प्यायचं आहे. झाकण बंद.

ओल्या फडक्याने अस्तर पुसायची पद्धत बरेच जण सांगतात. ती टाळली. पुसल्यावर वरचा थर एकदम भिजतो, त्याचे तंतू उभे राहतात, आणि फळीची एक बाजू फुगून दुसरी कोरडी राहिली की सांध्यात ताण येतो. वेळ वाचतो, पण ट्रे वाकडा होऊन बसला तर तो सरळ होत नाही. नळाचं पाणीही नको: त्यातले क्षार लाकडावर आणि ओलावा देणाऱ्या स्पंजावर साचतात.

१२ जानेवारी: आकडा आणि वजन

हायग्रोमीटर दुरुस्तीनंतर ७४ दाखवतोय. तीनच दिवसांत. इथेच बहुतेक पेट्या बिघडतात: आकडा आला, पेटी तयार झाली असं समजून सिगार भरले जातात आणि आठवड्याने आकडा ५८ वर घसरतो.

पेटीचं वजन, वाटी काढून: ३,४२७ ग्रॅम. वाढ १५ ग्रॅम.

हिशोब मांडला. २० अंशांना घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावतं. ६५ टक्क्यांना ते ११.२ ग्रॅम होतं, म्हणजे या ८ लिटरच्या पेटीतल्या हवेत पाणी किती? जेमतेम ०.०९ ग्रॅम. आता लाकूड घ्या. अस्तर, ट्रे आणि फळ्या मिळून अंदाजे ९०० ग्रॅम. ४५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असतं, ६५ टक्क्यांना १२ टक्के. म्हणजे लाकडाला आणखी ३० ग्रॅमच्या आसपास पाणी हवं. हवेला हवं त्याच्या तीनशे पटींहून जास्त.

हायग्रोमीटर हवा मोजतो. ती वाटीभर पाण्याने तासाभरातही ओली होते. लाकडाचा गाभा मात्र अजून तहानलेलाच आहे आणि सिगार ठेवले तर तो पाणी त्यांच्यातूनच ओढणार. त्यामुळे या कामात निर्णय वजनावर घ्यायचा, आकड्यावर नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवायची. पेटी नीट मुरल्यावर झाकण उघडलं की आकडा ५० पर्यंत पडेल, पण त्याची चिंता नको. हवा तेवढी बदलली, लाकडातलं पाणी जागेवरच आहे. झाकण लावल्यावर थोड्या वेळात आकडा परत वर येतो.

१७ जानेवारी

३,४४० ग्रॅम, वाढ २८. वाढीचा वेग मंदावतोय. बुरशीचा वास नाही.

२३ जानेवारी: वाटी काढली

३,४५१ ग्रॅम, एकूण वाढ ३९. वाटीतलं पाणी मात्र ५७ ग्रॅमने घटलंय. मधले १८ ग्रॅम चौदा दिवसांत फटीतून बाहेर गेले, दिवसाला १.३ ग्रॅम. वाटीच्या वजनाचा हा फायदा आहे: गळती किती ते थेट कळतं.

लाकूड फुगल्यावर कागदाची पट्टी पुन्हा लावली. डावा कोपरा अजून सैल. बिजागरीचे स्क्रू ढिले केले, झाकण हाताने दाबून धरलं आणि त्याच स्थितीत स्क्रू परत कसले. आता बाराही ठिकाणी पट्टी अडकते. झाकण वरून अलगद सोडलं तर शेवटच्या सेंटिमीटरला हवेच्या गादीवर तरंगून खाली बसतं. चांगल्या झाकणाची ही खूण.

वाढ गरजेपेक्षा थोडी जास्तच झाली, कारण उघडी वाटी ६५ वर थांबत नाही. ६५ टक्क्यांची दोन पाकिटं ठेवून पेटी बंद केली. ही पाकिटं ओलावा देतात तशी जास्तीचा ओलावा परत घेतातही.

२५ जानेवारी: सिगारची तपासणी

३६ सिगार, रोबुस्टो आकाराचे: लांबी १२७ मिलिमीटर, रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेली. ५० म्हणजे १९.८ मिलिमीटर.

प्रत्येक सिगार बोटाच्या पेरांमध्ये हलके दाबत डोक्यापासून (तोंडात धरायचं टोक) पायापर्यंत (पेटवायचं टोक) तपासला. चांगला सिगार दाबला की किंचित दबतो आणि परत वर येतो. हे दबतच नाहीत, आणि कानाजवळ धरून दाबले की बारीक चरचर ऐकू येते. कोरडेपणाची खात्री करायला सहा सिगार आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवले: ५४ टक्के. सरासरी वजन १२.४० ग्रॅम.

दोन सिगारांत मधोमध कडक गाठ लागली. तिथे फिलरची, म्हणजे गाभ्यातली, पानं पिळली गेली आहेत. ते वेगळे ठेवले, ओलाव्याने गाठ सुटणार नाही. टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं कुठे नाहीत. ती तंबाखूच्या भुंगेऱ्याची खूण असते. पण भोक नाही म्हणजे अंडी नाहीत असं होत नाही. अंडी डोळ्यांना दिसण्याजोगी नसतात, आणि पेटी २४-२५ अंशांच्या वर गेली की त्यांतून अळ्या निघतात. एका सिगारातून सुरुवात झाली की सगळी पेटी पोखरली जाते. म्हणून सगळे गोठवायचे.

सेलोफेन तसंच ठेवून सिगार दुहेरी झिप पिशव्यांत भरले, हवा दाबून काढली. आज फ्रिजमध्ये.

२६ ते ३१ जानेवारी: गोठवणं

२६ ला फ्रीजर, उणे १८ अंश. तिथे पूर्ण ७२ तास. २९ ला परत फ्रिजमध्ये २४ तास, ३० ला बाहेर, पिशवी बंदच.

पायऱ्या गाळल्या तर काय होतं: बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, आतल्या पानांपेक्षा लवकर गार आणि गरम होतं. एकदम फ्रीजरमधून खोलीत आणला की रॅपर ताणून चिरतो. आणि पिशवी थंड असतानाच उघडली तर खोलीतली वाफ सिगारवर दव होऊन बसते, तिथे डाग पडतो. ३१ च्या सकाळी पिशवी हाताला खोलीइतकी वाटली तेव्हाच उघडली. चिरा नाहीत.

३४ सिगार हवाबंद डब्यात, ६२ टक्क्यांची दोन पाकिटं. लाकडी पेटी ६५ वर तयार असली तरी हे सिगार थेट तिच्यात नकोत.

१ फेब्रुवारी: घाई केली तर

गाठ असलेले दोन सिगार दुसऱ्या डब्यात ओल्या मिठावर, म्हणजे ७५ टक्क्यांवर टाकले. मुद्दाम.

३ फेब्रुवारी

४८ तासांत दोघांचं वजन प्रत्येकी ०.३५ ग्रॅमने वाढलं. एकाच्या पायाकडून रॅपर ३ सेंटिमीटर उकललाय, शीर धरून सरळ रेषेत. आत बाइंडर, म्हणजे फिलर बांधून ठेवणारं पान, दिसतो, आणि चीर मध्ये रुंद, टोकांना निमुळती आहे. बाहेरचं पान पाणी पिऊन मऊ झालं, तेवढ्यात त्याच्या लगतचे थर फुगायला लागले आणि ताण त्या पानावर आला. गाभा मात्र अजून कोरडाच: दुसरा सिगार पायाकडून दाबला तर कड मऊ लागते आणि मध्यभागी काठी असल्यासारखं वाटतं. कोरड्या सिगारला हळूहळू चढवायचं ते याचसाठी.

१६ फेब्रुवारी

६२ वरच्या डब्यात सरासरी १२.६१ ग्रॅम, चार दिवसांत बदल नाही. म्हणजे गाभ्यापर्यंत समतोल आला. दोन सिगार तुलनेसाठी ६२ वरच ठेवले, बाकी ३२ ना ६५ ची पाकिटं.

९ मार्च: लाकडी पेटीत

सरासरी १२.७३, आठवडाभर स्थिर. दाबल्यावर दबतात आणि परत येतात, चरचर गेली.

पेटीत ३२ सिगार. पन्नासची पेटी काठोकाठ भरायची नाही. वर आणि कडेला हवा फिरायला जागा लागते. पाकिटांचं प्रमाण सिगारच्या संख्येवर नाही, पेटीच्या क्षमतेवर ठरवायचं: दर २५ सिगारच्या क्षमतेमागे ६० ग्रॅमचं एक. म्हणून दोन. एक झाकणाला, एक तळाच्या कडेला, आणि हायग्रोमीटर त्यांच्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. पाकिटाशेजारी ठेवलेला हायग्रोमीटर पाकिटाचाच आकडा सांगतो.

सेलोफेन ठेवावं की काढावं? त्यातून ओलावा जातो-येतो, फक्त सावकाश. वास एकमेकांत मिसळू द्यायचा असेल तर काढा, हाताळणी जास्त असेल तर ठेवा. इथे ठेवलंय. मात्र व्हॅनिला, कॉफी, रम अशा वासाचे सिगार या पेटीत कधीही जाणार नाहीत. तो वास लाकडात शिरला की अस्तर बदलण्यावाचून मार्ग नसतो.

७० टक्के का नाही? ७० टक्के आणि २१ अंश हा जुना नियम खूप ठिकाणी सांगितला जातो आणि तो चूक नाही. पण ७० वर बुरशीपासून सुरक्षित अंतर फार थोडं उरतं, आणि सिगार विझायला लागतो. ६५ ते ६७ वर दोन्ही बाजूंना चुकायला जागा राहते.

२१ मार्च: तापमान

खोली २० वरून २७ अंशांवर गेली. पेटीत आकडा ६६ वरून ६८. हवा तापली की सापेक्ष आर्द्रता घटते, शाळेत शिकलेलं हेच, मग वाढली कशी? मोकळ्या हवेला तो नियम लागू पडतो. पेटीत पाणी लाकडात आणि तंबाखूत आहे, आणि ते तापले की तेवढंच पाणी जास्त जोराने हवेत सोडतात. पाकिटं बदलून किंवा काढून उपयोग नाही. तापमान खाली आणायचं.

पेटी वरच्या कप्प्यातून खाली, आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात हलवली. संध्याकाळी २३ अंश. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं, कारण एक बाजू थंड राहिली तर ओलावा तिकडेच सरकतो आणि बुरशी पहिल्यांदा त्या कोपऱ्यात धरते. फ्रिज हा उपाय नाही, स्वयंपाकघरातला तर मुळीच नाही. आतली हवा कोरडी असते आणि कांदा-लसणाचा वास तंबाखू पकडतो.

३० मार्च

एका सिगारच्या पायावर हिरवट-निळसर केसाळ ठिपका. बुरशी. पाय म्हणजे उघडी पानं, तिथून ती आत जाते, म्हणून हा सिगार टाकून दिला. फक्त रॅपरवर ठिपका असता तर मऊ ब्रशने झाडून, वेगळ्या डब्यात महिनाभर नजरेखाली ठेवता आला असता. शेजारचे सहा तपासले, स्वच्छ. पांढऱ्या भुकटीला काही जण जुनेपणाची खूण म्हणून मिरवतात. केसाळ असेल, ठिपक्या-ठिपक्यांनी असेल तर ती बुरशीच समजायची.

६ एप्रिल: काप

सिगारचं डोकं टोपीने बंद असतं: पानाचा छोटा गोल तुकडा, डिंकाने चिकटवलेला. रॅपर तिथेच अडकलेला असतो. चिरुटाची दोन्ही टोकं आधीच कापलेली असल्यामुळे त्याला हा प्रश्न येत नाही.

टोपीची कड उजेडात धरली की बारीक रेषेसारखी दिसते. काप त्या रेषेच्या वर, टोकापासून दीड ते दोन मिलिमीटरवर. रेषेच्या खाली गेला की टोपी सुटते आणि रॅपर ओठांत उलगडत येतो. यावर विश्वासाचा उपाय: दोन पात्यांचं कटर टेबलावर आडवं ठेवायचं, सिगार डोक्यावर उभा करून छिद्रात टेकवायचा आणि दाबायचं. पाती कटरच्या जाडीच्या मध्यावर असतात, म्हणून प्रत्येक वेळी खोली तेवढीच येते.

पाती आधी हलकेच टेकवायची आणि मग एका दमात, जोरात मिटायची. हळू दाबलं तर पान कापण्याआधी चेपतं आणि कडेला फाटतं. टोपी कोरडी वाटली तर ओठांनी दोन-तीन सेकंद ओली करावी. ५० रिंगच्या सिगारला ८ मिलिमीटरचा पंचही (टोपीत गोल भोक पाडणारं कटर) चालतो, पण टोकदार डोक्याला पंच बसत नाही. तिथे सरळ काप, टोकापासून ४-५ मिलिमीटर, आणि ओढ घट्ट वाटली तर आणखी थोडं.

न पेटवता एक झुरका घेऊन पाहायचा. हवा स्ट्रॉमधून पेय ओढल्याएवढ्या अडथळ्याने यावी. अगदीच मोकळी आली तर सिगार सैल भरलाय, भराभर आणि गरम जळेल. येतच नसेल तर गाठ किंवा जास्तीचा ओलावा. ओलाव्यासाठी एक-दोन दिवस पाकीट नसलेल्या सीडरच्या खोक्यात ठेवून पुन्हा पाहावं.

७ एप्रिल: पेटवणं

तीन सिगार: ६२ चा, पेटीतला ६६ चा, आणि मिठावरचा न उकललेला ७५ चा.

लायटर ब्युटेनचा. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास पहिल्या अर्ध्या इंचात बसतो आणि जात नाही. काडी वापरायची तर लांब लाकडी, आणि तिचं डोकं पूर्ण जळून नुसतं लाकूड पेटेपर्यंत थांबायचं. सीडरची पातळ पट्टी मिळाली तर उत्तमच, ती काडीने पेटवून ज्योत सिगारला द्यायची.

सिगार तोंडात न धरता, ४५ अंशांत तिरपा, पाय ज्योतीच्या टोकापासून एक-दीड सेंटिमीटर वर. ज्योत टेकवायची नाही. सावकाश गोल फिरवत राहायचं. आधी रॅपरची कड काळी पडते, मग बाइंडर, मग मधल्या पानांच्या टोकांवर ठिणग्या दिसतात. कड पूर्ण गोल काळी होईपर्यंत थांबायचं. हा शेक घाईत टाळला तर कडेचं पान न पेटता मधला भाग पेटतो, आणि सिगार आतून बोगद्यासारखा जळत जातो.

मग तोंडात धरून, ज्योत पायापुढे तेवढ्याच अंतरावर, तीन-चार हलके झुरके, प्रत्येक झुरक्याला पाव फेरी. बाहेर काढून पायावर फुंकर घालायची. निखारा सगळीकडे सारखा लाल झाला पाहिजे. जिथे काळं राहिलं तिथेच पुन्हा ज्योत.

६२ चा २५ सेकंदांत सारखा पेटला, जरा जलद जळाला, राख फिकट आणि ठिसूळ. ६६ चा ३० सेकंदांत, राख अडीच सेंटिमीटरपर्यंत टिकली, एकदाही विझला नाही. ७५ च्याला ५५ सेकंद लागले, कडेचा भाग तीनदा वेगळा पेटवावा लागला, दोनदा विझला, आणि अर्ध्यावर रॅपर निखाऱ्याजवळ फुगून चिरला. तिघांना तोच लायटर, तोच काप.

झुरका मिनिटाला एक. त्याहून वेगाने ओढला की निखारा तापतो, तेलं जळतात आणि कडवटपणा येतो. तो नंतर मंद ओढूनही पूर्ण जात नाही. धूर फुप्फुसात घ्यायचा नसतो. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, म्हणून घाईने ओढणाऱ्याला गरगरतं. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो.

८ एप्रिल: जळताना बिघडलं तर

एक बाजू मागे राहिली: आधी मागे राहिलेली बाजू खाली करून दोन मिनिटं थांबावं. हवा खालून वर जाते, त्यामुळे खालच्या बाजूला ताजी हवा जास्त मिळते आणि बऱ्याचदा रेषा सरळ होते. नाहीच झाली तर फक्त मागच्या कडेला ज्योत दाखवायची. पुढे गेलेल्या बाजूला ओलं बोट लावणं हा शेवटचा उपाय, डाग पडतो.

विझला: राख हलकेच झाडायची, सिगारमधून एकदा बाहेर फुंकायचं म्हणजे आत साचलेला शिळा धूर निघतो, मग पुन्हा शेकून पेटवायचं. तासाभरात चालतं. रात्रभर पडलेला अर्धा सिगार परत पेटवू नये, आणि पेटीत तर चुकूनही ठेवू नये. राखेचा वास उरलेल्या तिसांना लागेल.

राख दोन-अडीच सेंटिमीटर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवायची, सिगारेटसारखी झटकायची नाही. झटक्याने निखारा सैल होतो. शेवटी चिरडू नये. कडेवर ठेवला की काही मिनिटांत आपोआप विझतो. चिरडला तर खोलीत तो उग्र वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

१३ एप्रिल: देखभाल

पाकिटं काढून वजन केलं: ५५ आणि ५३ ग्रॅम. पस्तीस दिवसांत १२ ग्रॅम गेलं, दिवसाला ०.३ ग्रॅमच्या आसपास. बिजागरी बसवल्यानंतर गळती चौथ्या हिश्श्यावर आली. ५३ चं पाकीट झाकणाचं आहे, वरच्या कडेतूनच थोडं निसटतंय. पाकीट दाबून आत खडे लागायला लागले की बदलायचं. दोन्ही अजून जेलसारखी मऊ आहेत.

पंधरा दिवसांतून एकदा वरचे सिगार खाली आणि खालचे वर. मिठाची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा. रिकामी पेटी, ट्रे धरून, पाकिटं आणि सिगार काढून: ३,४४४ ग्रॅम. हा आकडा झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिला. पुढे कधी शंका आली तर आधी पेटी काट्यावर ठेवायची.